सवाईला गेलेलं घर

ऐंशीच्या दशकात पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या आम्हा भावंडांसाठी डिसेंबर म्हणजे सवाई, सवाई गंधर्व संगीत महोत्सव. सांगलीची आत्या, नाशिकचे काका-काकू, मुंबईचा मामा, सगळे त्या सुमारास आमच्याकडे मुक्कामाला. दिवाळीत यायला जमणार नाही म्हणून कळवणारी ही माणसं सवाई मात्र चुकवत नसत. घरात गाद्या कमी पडायच्या, पण त्याची काळजी कुणालाच नव्हती. रात्री झोपायचं होतं कुणाला?

तयारी दुपारपासून चाले. सतरंज्या, घोंगडी, शाली, कानटोप्या, थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. आमचं तिकीट कायम भारतीय बैठकीचं. थोरल्या दादाला जागा धरायला आधी पाठवत आणि तो तासन् तास सतरंजीवर राखण करत बसे. आधी रेणुका स्वरूप शाळा, मग रमणबाग, अशी उत्सवाची जागा बदलली. आमच्या घरातली धांदल तीच राहिली.

सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. १९५२ साली ते गेले आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी हा उत्सव सुरू केला. आजोबांनी सुरुवातीची वर्षं पाहिलेली. शिष्यानं गुरूसाठी एवढं करावं याचं त्यांना फार अप्रूप होतं. ‘गुरूचं ऋण असं फेडतात,’ हे वाक्य आम्ही दर डिसेंबरात ऐकलं. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर ही गुरुभावंडंही या मंचावर येत. गंगूबाईंचा तो भारदस्त, रुंद आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा धाकटी बहीण मान उंचावून, नेमकं कोण गातंय ते बघत राहिली होती. दस्तुरांची मैफल आत्याच्या खास जिव्हाळ्याची. ते बसले की ती विणकामाच्या सुया पिशवीत ठेवून द्यायची.

घरात दोन तट होते. आजोबा आणि काका किराणा घराण्याचे, आई आणि मामा जयपूर घराण्याचे. किशोरीताई स्वरमंडल जुळवायला लागल्या की आई आम्हाला डोळ्यांनीच गप्प करी. मल्लिकार्जुन मन्सूर अनवट राग घेऊन बसले की मामा आजोबांकडे बघून हसायचा. हे वाद घरी आल्यावर पोह्यांच्या बशा हातात घेऊन चालत. ‘स्वर कसा लावला ते बघ,’ असं एक बाजू म्हणे. ‘लय कशी पेलली ते बघ,’ असं दुसरी. घराणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते या वादांतून कळत गेलं.

माझ्याकडे आत्याची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शिवणीला सैल झालेली. प्रत्येक रात्रीला एक पान. डावीकडे कलावंताचं नाव, मग राग, ताल, साथीला कोण आणि शेवटच्या रकान्यात वेळ. मंडपातल्या अंधुक उजेडात लिहिल्यामुळे ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. अभिप्राय मोजकेच: ‘बैठक जमली’, ‘तबला फार मोठा’. रात्र चढत जाते तसे राग बदलताना त्या पानांवर दिसतात. आधी यमन, बिहाग. मध्यरात्रीनंतर मालकंस, दरबारी. आणि पहाटे ललित, तोडी. रागसमय आम्ही पुस्तकातून पाठ केला नाही. पहाटेच्या गारठ्यात तोडीचा कोमल रिषभ कानावर पडला, तेव्हा तो अंगात मुरला.

मुलं अर्थातच झोपायची. अकरा वाजेपर्यंत आम्ही आत्याच्या मांडीवर नाहीतर आईच्या शालीत शिरलेलो असू. मधेच जाग यायची, समोर कुणीतरी ताना घेत असायचं, पुन्हा डोळा लागायचा. शेवटच्या पहाटे आजोबा खांद्याला हात लावत. ‘ऊठ बाळा, भीमसेन बसतायत.’ मग झोप कुठल्या कुठे पळायची. तंबोऱ्यांच्या मधोमध तो पहिला षड्ज लागला की मंडपात कुणी हलायचंसुद्धा नाही. सगळं गाणं झाल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीतली ध्वनिमुद्रित ठुमरी लावत आणि उत्सवाची सांगता होई. ‘ठुमरी संपेपर्यंत उठायचं नाही,’ हा आजोबांचा दंडक होता.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि पुढच्या काही वर्षांत रात्रभराची बैठक बंद झाली. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले. उत्सवाच्या नावात त्यांचं नाव जोडलं गेलं आणि पुढे जागाही मुकुंदनगरला गेली. आता दुपारपासून रात्री दहापर्यंत कार्यक्रम असतो. एखाद्या दिवशी परवानगीनं बारापर्यंत. पहाटेचे राग पहाटे ऐकण्याचं सुख गेलं, याची हळहळ आमच्या पिढीला आहे आणि राहील. पण एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. भीमपलास, मुलतानी, मधुवंती हे दुपारचे आणि सांजेचे राग रात्रीच्या बैठकीत आमच्या वाट्याला कधी आले नव्हते. ते आता त्यांच्या वेळेला, मंडपावर उन्हं असताना ऐकायला मिळतात. शिवाय गुडघे दुखणाऱ्या आईलाही येता येतं.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. हल्ली घरातलं एखादंच माणूस सवाईला जातं. मुलांच्या परीक्षा असतात, शिकवण्या असतात, ‘त्यांना काय कळणार’ असंही म्हटलं जातं. आम्हालाही काही कळत नव्हतं. आम्ही फक्त ऐकणाऱ्या माणसांच्या कुशीत होतो. आजोबांनी कुठे मान डोलावली, आईचा श्वास कुठे रोखला गेला, समेला सगळ्या बैठकीचा हात एकदम कसा पडला, हे बघत बघत कान तयार झाला. घरी यंत्रावर हवं ते गाणं हवं तेव्हा लागतं, पण शेजारचा माणूस दाद कशी देतो ते त्यात दिसत नाही.

म्हणून सांगणं एवढंच: येत्या डिसेंबरात तिकिटं काढाल तेव्हा घरातल्या लहानांचीही काढा. खुर्च्या सोडून त्यांना भारतीय बैठकीत बसवा, सोबत खाऊचा डबा आणि एक शाल घ्या. ती झोपली, तर खुशाल झोपू द्या. शेवटचा कलावंत बसला की मात्र हलकेच उठवा.