घाई न करणारे सोबती

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी संस्कृत काव्यावरून गप्पा जमल्या. निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि वाचण्याचं वचन घेतलं. टिळक पेन्सिल घेऊन, महत्त्वाच्या जागी खुणा करत वाचायला बसले. सुरुवातीची पानं त्यांना मुळीच रुचली नाहीत. पण शब्द दिलेला होता. ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत पोचले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी मात्र पुस्तक देऊन आपल्या वाटेने निघून गेला होता.

ख्रिस्ती विश्वासाच्या वाटेवर धीर देणारं माणूस बहुधा असंच भेटतं. आपलं काम करून ते बाजूला होतं आणि पुढचं देवावर सोपवतं. सोपवणं हाच यातला सर्वांत अवघड भाग आहे.

पंडिता रमाबाईंना सोपवू शकणारी आणि न शकणारी, अशी दोन्ही प्रकारची माणसं लाभली. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांची माया खरी होती, पण चर्चची शिकवण रमाबाईंनी निमूटपणे मान्य करावी, असा त्यांचा आग्रह असे. आपल्याकडच्या पुरोहितशाहीचं जोखड नुकतंच झुगारलेल्या या विदुषीला ते कसं पटावं? दोघींची पत्रं वाचताना आजही ताण जाणवतो. त्याच काळात चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील रमाबाईंच्या शंकांना बंडखोरी न म्हणता विचार म्हणून उत्तरं देत होत्या. शंका घेणाऱ्याला अविश्वासू ठरवण्याची घाई करणाऱ्या प्रत्येक मंडळीने हा पत्रव्यवहार जरूर वाचावा.

आणि तरीही रमाबाईंचा शोध संपला नव्हता. मायदेशी परतल्यावर त्यांची शारदासदन ही शाळा सुरू झाली, विधवा मुली शिकू लागल्या, कामाला उसंत नव्हती. अशात १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हॅस्लम यांचं परिवर्तन झालं ते स्वतःच उपदेश करत असताना! आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून भेटायचा आहे, हे रमाबाईंना तेव्हा उमगलं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेली होती. पुढे १९०७ साली त्यांनी आपल्या साक्षीत ही उणीव मोकळेपणाने लिहिली. इतकं नाव झाल्यावर असं लिहायला मोठं मन लागतं, आणि अशीच साक्ष अडखळणाऱ्याला आधार देते.

टिळकांच्या घरात तर वाट पाहण्याची कसोटीच लागली. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परतल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नाने लक्ष्मीबाईंना घेरलं. उत्तर त्यांचं त्यांनाच सापडलं आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या तयार झाल्या. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. जिला त्यांनीच अक्षरं गिरवायला लावली होती, तिने पुढचे अध्याय लिहायला घेतले.