ज्याचा हात जिथवर

परवा आईने पुन्हा विचारलं, "तू ऑफिसात नक्की करतोस तरी काय रे?" 'ड्रायव्हर लिहितो' म्हटलं की आमच्याकडे अजूनही गाडीवाला ड्रायव्हरच डोळ्यांसमोर येतो. म्हणून यावेळी तिला २००७ सालची एक गोष्ट सांगितली.

तेव्हा मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. आमचं मोजमाप करणारं एक कार्ड होतं. ते प्रोसेसरला मध्ये न घेता आकडे थेट मेमरीत लिहायचं. याला डीएमए म्हणतात. ड्रायव्हर माझा, आणि आलेख काढणारा प्रोग्राम सांगलीहून नुकत्याच आलेल्या एका मुलाचा. सहा महिने सगळं बिनबोभाट चाललं. मग एका ग्राहकाने मशीनमध्ये १ जीबीची २ जीबी मेमरी केली आणि त्या मुलाचा प्रोग्राम दिवसातून दोनदा कोसळायला लागला.

तो म्हणाला, "सर, माझ्या मेमरीत कुणीतरी भलतंच लिहून जातंय."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "कुणीतरी म्हणजे तूच!"

दोन आठवडे तो बिचारा रात्री थांबून स्वतःचाच कोड तपासत होता.

शेवटी मी कार्डाचं मॅन्युअल पुन्हा उघडलं. एका तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पत्ता ३० बिटांचा. २ चा ३० वा घात म्हणजे बरोबर १ जीबी. आणि मी ड्रायव्हरमध्ये बिनदिक्कत सांगून ठेवलं होतं की हे कार्ड ३२ बिटांपर्यंत पोचतं! बफर १ जीबीच्या वर मिळाला की कार्ड वरचे बिट गाळायचं आणि बरोबर १ जीबी खाली, दुसऱ्याच्याच जागेत लिहून मोकळं व्हायचं. ती जागा कधी कधी त्या मुलाच्या प्रोग्रामची असायची.

उपाय साधा होता. सुरुवातीलाच खालच्या मेमरीत एक बफर राखून ठेवायचा. कार्डाने तिथे लिहायचं, मग प्रोसेसरने ते उचलून हव्या त्या जागी न्यायचं. याला 'बाऊन्स बफर' म्हणतात. कॉपी करण्यात थोडा वेळ जातो, पण चूक होत नाही.

हे दुखणं तसं जुनंच. १९८४ च्या पीसी एटीवरचा डीएमए १६ एमबीपलीकडे जाऊ शकत नव्हता. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्येसुद्धा सुरुवातीच्या चिपची पीसीआय एक्सप्रेस पहिल्या ३ जीबीपर्यंतच पोचायची.

आई म्हणाली, "म्हणजे माझा हात वरच्या फळीला पोचत नाही, म्हणून मी डबा ओट्यावर ठेवते आणि तू वर चढवतोस, तसंच ना?"

अगदी तसंच! इतकी वर्षं उगाच घाबरत होतो सांगायला.

"आणि त्या मुलाचं काय केलंस?"

"माफी मागितली ना. खाली चहाच्या टपरीवर, दोघंच असताना."

"ओरडलास चारचौघांत आणि माफी टपरीवर?"

यावर मला काही बोलता आलं नाही. कार्डाचा हात कुठवर पोचतो ते मी विचारलं नव्हतं, आणि तो मुलगा खरं सांगत होता ते ऐकलं नव्हतं. पहिली चूक चार ओळींत दुरुस्त झाली.

असो. दुसरीसाठी आज इथे, चारचौघांत लिहितोय. मित्रा, वाचत असशील तर... चूक माझी होती.