वाहत्या पाण्यातला कंद

पौषातल्या एका सकाळी मानपाड्यास जावयाचे म्हणून निघालो खरा, परंतु ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत, एक घोडबंदर रस्त्यावर येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आणि दुसरा डोंबिवलीस, याचे विस्मरण झाल्यामुळे भलत्याच गाडीत बसता बसता वाचलो. 'पाडा' हा आदिवासी वस्तीचा शब्द दोहोंकडे सारखाच. उत्तुंग इमारतींनी वस्ती झाकली, तरी फलकावर तो तग धरून आहे.

उड्डाणपूल मागे टाकून डोंगराच्या बाजूस वळलो, तो रस्त्याच्या कडेस एक वारली म्हातारी करांदे आणि कोनफळे मांडून बसलेली दिसली.

"आजी, हे कडू नाहीत ना?"

"हे गोडे. कडू आमी घरी खातो. ते कोन घेतंय?"

मग विचारल्यावरून तिने सांगितले की, कडू कंद राख घालून उकडावयाचे, चकत्या करून टोपलीत भरावयाच्या आणि टोपली रात्रभर ओहोळात ठेवावयाची. "पानी वाहतं पायजे. साचल्या पान्यात कडू जाईना."

ऐकता ऐकता मला ओकच्या झाडाची फळे आठवली. सह्याद्रीत ती नाहीत. परंतु कॅलिफोर्नियातील मिवोक, पोमो आदी जमातींचे ती मुख्य अन्न होती, आणि तेथील स्त्रिया त्यांचे पीठ वाळूच्या खळग्यात पसरून, त्यातील तुरट टॅनिन निघून जाईपर्यंत त्यावर पुनःपुन्हा पाणी ओतीत. आयबेरियातील डोंगरी लोक वर्षाचे दोन-तृतीयांश दिवस याच फळांच्या पिठाच्या भाकरीवर काढीत, असे ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो. कोरियात त्यांच्या सत्त्वाच्या वड्या अद्याप खातात. सर्व्हांतेसचा डॉन किहोते तर मूठभर फळे हाती धरून सुवर्णयुगावर प्रवचन झोडतो. त्या भल्या गृहस्थाने जाते कधी ओढलेले नसावे.

आजीच्या पाठीमागे मोहाचा एक वृक्ष उभा होता. चैत्राच्या सुमारास पहाटे गळणारी त्याची मांसल फुले वेचून, वाळवून, धान्य सरलेल्या दिवसांत शिजवून खाणे ही वनवासी जनांची जुनी तजवीज, आणि फळांतल्या बियांचे तेल ही त्यावरची जोड. सरकारी दप्तराने मात्र त्या फुलात दारूखेरीज काही पाहिले नाही. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळपावर पकड बसवून भागेना, म्हणून १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्या-विकण्यावरच निर्बंध घातले. म्हणजे आपल्या अंगणात पडलेले वेचून कणगीत ठेवणारी बाई कायद्याच्या दृष्टीने संशयित ठरली! ओकच्या फळात मद्याचा संशय घेऊन कोणा अंमलदाराने अशी बंदी घातल्याचे माझ्या वाचनात नाही. उपाशी माणसाच्या कणगीत अबकारी महसूल शोधणे हे मला त्या दारूहूनही अधिक कडवट वाटते.

"कडू पायजेत तर उद्या आनते," आजी म्हणाली. "पर तुमच्याकडं वाहतं पानी हाय का?"

आमच्याकडे नळास पाणी सकाळी येते आणि पिंपात साठवून ठेवावे लागते, असे मी सांगितले, तेव्हा तिने काही न बोलता गोड्या करांद्यांचीच तागडी उचलली.