शेवटची सही डॉक्टरांची

प्रिय वसंतराव,


तुमच्या लेखाचा खर्डा वाचला. 11 नोव्हेंबर 1918 ला पहिल्या महायुद्धाच्या तोफा थंडावल्या, तरी अमेरिकी लष्कराने स्वखुशीने आलेल्या डॉक्टरांना महिनोन्‌महिने सोडलं नाही, हा अन्याय झाला, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही. शिपायाचं काम युद्ध थांबलं की संपतं. डॉक्टरचं नाही, उलट त्याचं सर्वांत किचकट काम तेव्हाच सुरू होतं. घरी जाणाऱ्या प्रत्येक शिपायाची शारीरिक तपासणी सक्तीची होती, आणि 1919 च्या जूनअखेर 26 लाखांहून अधिक शिपाई मोकळे झाले. ती तपासणी निव्वळ उपचार नव्हती. 1917 च्या कायद्याने सेवेत आलेल्या अपंगत्वाला भरपाई मिळणार होती, म्हणजे डॉक्टर कागदावर काय लिहितो यावर एखाद्याची पुढची मिळकत ठरायची. त्यात गंमत अशी, की घरच्या ओढीने शिपाईच दुखणं लपवत. खोकला कबूल केला तर इस्पितळात अडकू, ही धास्ती. अशा माणसाला नीट तपासायला घाईत नसलेला डॉक्टर लागतो. तपासण्या काही अचूक झाल्या नाहीत, हे मान्य. 1921 मध्ये अमेरिकी काँग्रेसला कायदाच करावा लागला, की सेवामुक्तीनंतर दोन वर्षांत क्षय किंवा मज्जातंतूंचा आणि मनाचा विकार दिसला तर तो सेवेतलाच धरावा. यावरून तपासणी व्यर्थ होती असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, ती अपुरी होती, आणि डॉक्टर आधी सोडले असते तर आणखी अपुरी झाली असती.

तुमचा खरा जोरकस आक्षेप इन्फ्लुएंझाचा आहे: डॉक्टर लष्करात अडकले आणि साथीत गावं उघडी पडली. युद्धापूर्वी पाचशेही डॉक्टर नसलेल्या लष्कराच्या वैद्यकीय दलात युद्धबंदीच्या वेळी सुमारे 30,000 होते, म्हणजे देशातल्या डॉक्टरांपैकी जवळजवळ एक-पंचमांश. त्याच सुमारास साथीने अमेरिकेत पावणेसात लाखांच्या आसपास माणसं नेली. आपल्याकडेही मानमोडीत, म्हणजे याच साथीत, मुंबई इलाख्यात दहा लाखांवर बळी गेले, तेव्हा कितीतरी सरकारी डॉक्टर लढाईच्या कामावर होते. गावाला डॉक्टर नसणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण साथीचा सर्वांत मोठा तडाखा ऑक्टोबरमधला, युद्धबंदीच्या आधीचा. डिसेंबरात सोडलेला डॉक्टर त्या मृतांना वाचवू शकत नव्हता. गावं ओस पडली ती भरतीच्या वेळच्या अविचाराने. तो दोष सेवामुक्तीच्या माथी का मारायचा? पुढच्या लाटेसाठी गावाची गरज पाहून काहींना आधी सोडायला हवं होतं, एवढं मात्र तुमचं खरं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सेवामुक्त डॉक्टरांच्या याद्या राज्यवार, गावाच्या नावासह छापून येत. म्हणजे कोण कुठला हे ठाऊक होतं; सोडण्याचा क्रम त्यावरून लावणं अशक्य नव्हतं.

उरला लष्करात गेलेल्या डॉक्टरांच्या बुडालेल्या व्यवसायाचा प्रश्न. मागे राहिलेल्या डॉक्टरांनी रोगी पळवले, ही तक्रार रास्त असेल, पण तिचा उपाय पैशांत शोधायला हवा होता. 1919 च्या फेब्रुवारीत सरकारने सन्मानाने मुक्त झालेल्या सर्वांना सरसकट 60 डॉलर दिले, साध्या शिपायाला तेवढेच आणि दवाखाना बंद करून आलेल्या सर्जनलाही तेवढेच. इथे टीका करा, मी तुमच्या बाजूने आहे.

आणि एक गट तुमच्या खर्ड्यात आलाच नाही. पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टर या युद्धात करारावर राबल्या. पुरुषांना मिळालं ते अधिकाऱ्याचं कमिशन त्यांना नाकारलं गेलं. हुद्दा नाही, म्हणून अधिकाऱ्याची सन्मानपूर्वक सेवामुक्ती नाही आणि माजी सैनिकांच्या सवलतीही नाहीत. पुरुष डॉक्टरांना सेवामुक्तीचा दाखला उशिरा मिळाला, यांना तो मिळण्याची सोयच नव्हती. अन्यायाबद्दल लिहायचंच असेल तर सुरुवात इथून करा.

आपला,
मधुकर