पिसदुऱ्याचें शेण

लुप्त प्राण्यांची गोष्ट निघाली कीं आपल्या डोळ्यांपुढें अजस्र सांगाडे उभे राहातात. परंतु चंद्रपूर जिल्ह्यांत, वरोऱ्याच्या बाजूस, पिसदुरा गांवच्या शिवारांत जे ओबडधोबड दगडी गोळे सांपडतात, ते हाडांचे नव्हेत. तें साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वींचें शेण आहे! सोंवळ्या वाचकांनीं नाक मुरडूं नये. इतक्या काळानें त्याचा निखळ दगड झाला आहे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं त्या प्रांतांतील जीवाश्म एकोणिसाव्या शतकांतच गोळा केले होते. मॅटले नामक भूशास्त्रज्ञांनीं १९३९ सालीं या गोळ्यांवर स्वतंत्र लेखही लिहिला. पण त्यांच्या पोटांतलें खरें गुपित बाहेर पडण्यास २००५ साल उजाडावें लागलें. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेंतील वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं तें द्रव्य सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों त्यांत गवताचे कण! गवत जमिनींतून सिलिका शोषून घेतें व आपल्या पेशींत सांठवितें. भाताच्या पातीनें बोट चिरतें तें त्यामुळेंच. पाती कुजून जाते, हे कांचेसारखे कण मात्र राहातात. आणि त्यांच्या आकारावरून गवताचें कुळ ओळखतां येतें.

तोंवर शास्त्रज्ञांची समजूत अशी होती कीं, डायनोसॉर गेले आणि मग गवताचे दिवस आले. पिसदुऱ्यास तर एक सोडून निदान पांच जातींचें गवत निघालें. तें खाणारे प्राणी बहुधा लांब मानेचे प्रचंड टायटॅनोसॉर असावेत. ताड व सूचिपर्णी वृक्षांचा पालाही त्यांच्या आहारांत होता. पुढें २०११ सालीं याच मंडळींनीं दाखविलें कीं, त्या गवतांत आपल्या भाताच्या गोतांतलेंही होतें.

हें सारें आम्हांस पुतण्याकडून कळलें. तो भूशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाला, आणि आतां त्यास जीवाश्मांचाच अभ्यास करावयाचा आहे. "शेण चिवडावयास का याला एवढा शिकविला?" असें अण्णा, म्हणजे आमचे वडील बंधु, म्हणाले. त्यांची काळजी खोटी नाहीं. या विद्येंत जागा थोड्या, पैसा त्याहून थोडा, आणि उन्हातान्हांत वणवण मात्र पुष्कळ. वहिनी तर आठवडाभर कोणाशीं धड बोलत नाहींत. तरीही आमचें मत मुलाच्या बाजूचें आहे, व तें आम्हीं अण्णांपाशीं स्पष्ट बोलून दाखविलें. पोटापुरतें मिळविण्याचे मार्ग अनेक असतात. पण ज्या दगडास गुराखीही ठोकरून पुढें जातो त्यापुढें तासन् तास बसण्याची हौस कांहीं सर्वांसच नसते.

परवां पंक्तीस पहिला भात वाढला जात असतां अण्णांनीं एकाएकीं विचारलें, "काय रे, त्यांचा भात आंबेमोहोर कीं कोळंबा?" मुलानें गंभीरपणें उत्तर दिलें, "भात नव्हे अण्णा, भाताचे फार जुने आप्त." सारी पंगत हंसली, वहिनीही हंसल्या. प्रवेशाच्या अर्जावर अण्णांची सही मात्र अद्यापि व्हावयाची आहे.