मॅलॉक आणि आधीचा भाडेकरू

सी शिकताना पॉइंटरला सगळेच टरकतात, पण खरा घात करतो तो स्ट्रक्चरच्या आत दडलेला पॉइंटर. सुकापूरच्या आमच्या रूमवर मेसच्या हिशोबाचा प्रोग्राम लिहायचं ठरलं. पार्टनरने स्ट्रक्चर केलं: नावासाठी कॅरेक्टर पॉइंटर, थकबाकीसाठी इंटिजर. मॅलॉक केलं आणि स्कॅनएफने थेट नाव वाचलं. लॅबच्या टर्बो सी वर मस्त चाललं. सबमिशनच्या आदल्या रात्री तोच प्रोग्राम लिनक्सवर टाकला तर 'सेगमेंटेशन फॉल्ट'!

"अरे, मॅलॉक केलंय ना!" रात्री दोनपर्यंत त्याचं हेच पालुपद.

केलं होतं रे, पण कशासाठी? मिळाली ती स्ट्रक्चरपुरती जागा. त्यात पॉइंटर मावतो, नाव नाही. आणि त्या पॉइंटरमध्ये असतं काय? भाड्याची रूम घेतली की भिंतीवर आधीच्या भाडेकरूने खरडलेला कुणाचातरी पत्ता सापडतो ना, तसला कचरा. मॅलॉक चुना मारून देत नाही. आपण तोच पत्ता खरा मानून नाव तिकडे पाठवतो. लिनक्सचा वॉचमन बहुतेकदा गेटवरच अडवतो. डॉसला वॉचमनच नव्हता. म्हणून टर्बो सी मध्ये भलतीकडे लिहिलं तरी प्रोग्राम चालल्यासारखा दिसायचा. मला विचाराल तर हे जास्त वाईट. एखाद्याची थकबाकी गुपचूप बदलली असती, तर महिनाअखेरीस रूमवर महाभारत ठरलेलं!

उपाय साधा: मॅलॉक दोनदा. एकदा स्ट्रक्चरसाठी (साइझऑफ स्ट्रक्चरचा घ्या, पॉइंटरचा नव्हे), मग नावासाठी. लांबी अधिक एक, शेवटच्या शून्यासाठी. कॅलॉक भिंत पुसून देतो, पण नावाची जागा तोही देत नाही. लिंक्ड लिस्टमध्ये नवा नोड केला की त्याचा नेक्स्ट लगेच नल करा. १९६५ मध्ये नल आणणाऱ्या टोनी होअर यांनी २००९ मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं होतं. असेल, पण कचऱ्यापेक्षा नल बरा, त्याला इफ लावून तपासता तरी येतं.

आणि फ्री करताना आधी नाव, मग स्ट्रक्चर. रूमची किल्ली आधी परत दिली, तर नावाचा पत्ता आतच राहिला ना!