गर्दीचे गणित आणि अश्रुधुराचे नळकांडे

गर्दीच्या संगणकीय प्रतिरूपणात प्रत्येक माणूस स्वतंत्र घटक धरला जातो. त्याला जायचे ठिकाण, चालण्याचा वेग, शेजाऱ्यापासून राखायचे अंतर आणि भिंतीचा किंवा कठड्याचा अडथळा समीकरणांत मांडला, की हजारो माणसांची हालचाल क्षणाक्षणाने पडद्यावर उलगडते. डिर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांचे १९९५ मधील ‘सामाजिक बल’ प्रारूप आजही या कामाच्या मुळाशी आहे. हेल्बिंग यांनी २००० मध्ये इलेश फार्काश आणि तमाश विचेक यांच्यासह त्यातून एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. अरुंद दारातून निसटण्याची घाई सेकंदाला सुमारे दीड मीटरच्या पुढे गेली, की बाहेर पडायला लागणारा वेळ कमी न होता वाढतो. कोठीच्या तोंडाशी धान अडावे तशी माणसे दारात एकमेकांना अडवून धरतात.

दुसरी महत्त्वाची राशी घनतेची. चौरस मीटरमध्ये चार माणसे असेपर्यंत पाऊल टाकायला जागा राहते. सातच्या आसपास जमाव द्रवासारखा वागू लागतो, हे गर्दीचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी मांडले. तेव्हा धक्क्यांच्या लाटा उसळतात आणि पाय जमिनीवरून सुटतात. चेंगराचेंगरीतले बहुतेक मृत्यू तुडवले गेल्याने होत नाहीत; छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात.

लाठी, अश्रुधूर, पाण्याचा मारा, प्लास्टिकच्या गोळ्या यांना प्राणघातक नसलेली साधने म्हणतात. प्रतिरूपात यांतले प्रत्येक साधन म्हणजे एका बाजूने लागणारे जोरदार प्रतिकर्षण. ते सगळ्यांची घाई एकाच क्षणी वाढवते आणि सगळ्यांना एकाच दिशेला वळवते. त्या दिशेला वाट आहे की नाही, हे साधनाला कळत नाही. म्हणून एखादे साधन घातक आहे का, याचे उत्तर घनता आणि मोकळ्या वाटांची रुंदी पाहूनच देता येते.

विदर्भाने याची भयंकर किंमत मोजली आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा गेला. कठड्यांपाशी दाटलेल्या जमावावर लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला. त्यांत बायका आणि मुलेच जास्त होती.   इंडोनेशियात कंजुरुहान मैदानावर १ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रेक्षकांच्या सज्जांकडे अश्रुधूर सोडला गेला. लोक अरुंद दारांकडे धावले आणि १३५ जण दगावले. 

प्रतिरूपणाचा खरा उपयोग बंदोबस्ताच्या आधी होतो. मैदानाचा नकाशा, दारांची रुंदी, कठड्यांच्या जागा, वाऱ्याची दिशा हे सारे भरून ‘इथे धूर सोडला तर माणसे कुठे जातील?’ हा प्रश्न शेकडो वेळा विचारता येतो. कठडा दहा मीटर मागे घेतल्याने काय फरक पडतो, तेही कोणाला इजा न होता पाहता येते.

विदर्भातल्याच गोंदिया जिल्ह्यात अशा अभ्यासाची सर्वाधिक गरज कचारगडला आहे. सालेकसा तालुक्यातील धनेगावजवळच्या या डोंगरातील गुहेकडे माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. वाट चढणीची, आणि माणसे कुटुंबाने, गावाने मिळून चालणारी. मागे राहिलेल्या लेकरासाठी आई प्रवाहाविरुद्ध वळते. एकेकट्या घटकांवर उभे प्रारूप इथे चुकते. नात्यांचे बंध त्यात घालावेच लागतात. जमाव म्हणजे विवेक हरवलेला कळप, ही समजूतही टिकत नाही. स्टीफन रायकर आणि क्लिफर्ड स्टॉट यांच्या अभ्यासातून दिसते, की सरसकट बळ वापरले की शांत माणसेही पोलिसांविरुद्ध एक होतात. नेमकी, ऐकू येईल अशी सूचना पुष्कळदा लाठीहून जास्त काम करते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार पांगण्याचा आदेश दिला आणि तो मानला नाही, तर बळ वापरता येते. पांगायला जागाच नसेल तर तो आदेश पाळणे कोणालाही शक्य नाही. त्यामुळे चौरस मीटरला पाचाहून जास्त माणसे दाटली असतील आणि बाहेरची वाट मोकळी नसेल, तिथे लाठीमार व अश्रुधूर यांना स्पष्ट मनाई असावी. हा नियम प्रत्येक जिल्ह्याच्या बंदोबस्त आराखड्यात लेखी उतरायला हवा.